दोनदा कापलेले पाच रुपये

माझं अक्षर चांगलं नाही. चौथीनंतर पेन हातात आलं ते सही करण्यापुरतं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि ओळ सरळ ठेवायला गेले तरी वर चढत जाते. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर त्याने तेवढं सांभाळून घ्यावं. मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. मी एका पोरीच्या तोंडावर खोटं बोलले होते, त्याचं पुढं काय काय झालं ते एकदा नीट मांडून ठेवायचं आहे.

त्या साली उदगीरला पाणी नव्हतं. नळाला तीन-तीन आठवड्यांनी पाणी यायचं आणि तेही पिवळं. बोअरचं पाणी असं खारट की त्यात डाळ शिजायची नाही. आमच्या बचत गटानं एका किराणा दुकानदाराच्या रिकाम्या गाळ्यात पिण्याच्या पाण्याचं केंद्र काढलं. टँकर यायचा, पाणी मशीनमधून गाळून निघायचं, वीस लिटरचा जार पाच रुपयांना. सुट्ट्या पैशांची कटकट नको म्हणून घरटी एक कार्ड दिलेलं. कार्डावर आधी पैसे भरून ठेवायचे, मग जार नेला की पाच रुपये कापले जायचे. मी खिडकीशी बसून ते कापायची. महिन्याला अडीच हजार मिळायचे.

ते काम मला लेकीमुळं मिळालं. ती नांदेडला होस्टेलवर राहून पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शिकत होती, शेवटच्या वर्षाला. कार्डाचा प्रोग्राम तिनंच लिहिला होता. गटानं तिला बारा हजार दिले, ते तिच्या खानावळीला आणि फीला गेले. मला चारचौघांत बोलता येत नाही. लेकीला ते माहीत होतं. ती म्हणाली, "अव्वा, तुला कुणाशी बोलायचंच न्हाई. नंबर टाकायचा, नाव आलं का बघायचं, हिरवं बटण दाबायचं. बास." आकडे मला येतात, म्हणून मी हो म्हटलं.

पाण्याची रांग पहाटेपासून लागायची. पण रांगेत बाया कमी आणि जार जास्त. कुणाला कामावर जायचं असायचं, कुणाची चूल पेटलेली असायची. बाई आपला रिकामा जार रांगेत ठेवायची, कार्ड दोरीनं त्याच्या मुठीला बांधायची आणि जायची. मागची बाई स्वतःचा जार सरकवताना पुढचाही सरकवायची. त्याचा नंबर आला की कुणीही तो नळाखाली धरायचं, मी कार्ड कापायची, भरलेला जार भिंतीला लावून ठेवायचा. संध्याकाळी जिचा तिनं न्यावा. कोणी कोणाचं पाणी चोरत नव्हतं. पण आपल्या कार्डावर दिवसात किती जार कापले गेले, हे बहुतेक बायांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसायचं नाही.

उदगीरचा जिल्हा होणार, अशी बोलणी त्या साली जोरात होती. चौकाचौकात फलक लागले होते. लातूरहून माणसं यायची, बैठका व्हायच्या. आमच्या अध्यक्षबाईंना वाटायचं, येणाऱ्या प्रत्येक माणसानं आपलं केंद्र बघावं. आतल्या खोलीत मोठा कॉम्प्युटर होता, सगळ्या नोंदी त्यात साठायच्या. माझ्यासमोरचा लॅपटॉप तारेनं त्यालाच जोडलेला. अध्यक्षबाई पाहुण्यांना आत नेऊन सगळ्या घरांचा, सगळ्या दिवसांचा अहवाल काढून दाखवायच्या. सुरुवातीला तो चटकन निघायचा. नोंदी वाढल्या तसा वेळ लागायला लागला. मग अध्यक्षबाई "मेलं अडकलं बघा" म्हणून ती खिडकी बंद करायच्या आणि पुन्हा नव्यानं बटण दाबायच्या. पुन्हा बंद, पुन्हा नवीन.

तेव्हाच माझ्यासमोरचं चाक फिरायला लागलं. हिरवं बटण दाबलं की पडद्यावर गोल चाक फिरत राहायचं. एक मिनिटभर फिरून अक्षरं यायची, 'काम झाले नाही. पुन्हा प्रयत्न करा.' मी पुन्हा दाबायची. बाया कुरकुरायच्या.

"आवं, बटण दाबून राहिल्यात का पोळ्या लाटून राहिल्यात?"

"इंजिनेर पोरीची आई हाय ती, तिला घाई कशाची!"

मी मान खाली घालून दाबत राहायची. लेकीला फोन करून एवढंच म्हटलं, "लई वेळ लागून राहिलाय माय. बाया ताटकळतात." आतल्या खोलीत अध्यक्षबाई काय करतात ते मी सांगितलं नाही. अध्यक्षबाईंची तक्रार केल्यासारखं होईल असं वाटलं. लेकीला वाटलं, चाक उगीच मिनिटभर फिरतं. तिनं नांदेडहूनच दुरुस्ती पाठवली आणि मिनिटाचे वीस सेकंद केले. आता वीस सेकंदांत 'काम झाले नाही' यायचं आणि मी एका जारसाठी दोनदा, कधी तीनदा दाबायची. मला वाटलं, बरं झालं.

आमच्या मागच्या गल्लीत एक नवी सून होती. भोकरजवळचं तिचं माहेर. घरात सासू, नवरा रोजगाराला हैदराबादला. ही पिको-फॉल करायची, ब्लाउज शिवायची आणि त्या पैशातून पाण्याचं कार्ड भरायची. सासूला तेही खुपायचं. खिडकीशी आली की ती मला "काकू, जेवलात का?" विचारायची. दिवसभरात तेवढं विचारणारी ती एकटीच.

एका दुपारी ती आली तेव्हा मागं सासू होती. कार्डाचा नंबर टाकला तर शिल्लक शून्य.

सासू म्हणाली, "बघ! आठ दिवसांमागं पन्नास भरले. धा जार. आपल्या घरात दोन माणसं, धा जार कुठं गेले? कुणाला पाजून राहिलीस?"

सून म्हणाली, "आत्याबाई, मी सहाच नेले."

"मग काय मशीन खोटं बोलतंय?"

सुनेनं माझ्याकडं बघितलं. "काकू, तुम्ही रोज इथं बसता. तुम्हीच सांगा, मी किती नेले?"

मला ठाऊक होतं. तिचा निळ्या झाकणाचा जार होता, मी रोज बघायची. शिवाय दोन-तीनदा एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. 'काम झाले नाही' आलं तरी थोड्या वेळानं त्याच कार्डाची शिल्लक पाचानं कमी दिसायची, मग मी पुन्हा दाबलेलं आणखी पाचानं. मी मनाला सांगितलं होतं, आपल्याला काय कळतंय. पण त्या घडीला मला सगळं कळलं होतं. तोंड उघडलं तर लेकीचा प्रोग्राम खोटा ठरणार. बारा हजार परत मागतील, परीक्षा तोंडावर आलेली. मी तिच्याकडं न बघता पडद्याकडं बघितलं आणि म्हटलं, "मशीनमध्ये दहा दिसतात."

सासूनं तिथंच, रांगेतल्या सगळ्या बायांसमोर, तिच्या हातातून कार्ड ओढून घेतलं. आठवड्याभरात ऐकलं की त्या घरात भांडण वाढत गेलं आणि सून पिशवी घेऊन माहेरी गेली. 'पाणी वाटत होती' असं तिच्याबद्दल गल्लीत बोलू लागले. कुणाला वाटत होती, तेही ज्याला सुचेल ते जोडू लागले.

सकाळी लिंगपूजेला बसले तरी मनात तिचे सहा जार यायचे. शेवटी मी एक केलं. गाळ्याच्या भिंतीवर, माझ्या खुर्चीमागं कोणाला दिसणार नाही अशा जागी, भरलेल्या प्रत्येक जारला खडूची एक रेघ ओढायला लागले. दिवस संपला की रेघा मोजायच्या आणि मशीनमधले जार बघायचे. पहिल्या दिवशी रेघा एकशे बारा आणि मशीनमध्ये एकशे एकोणचाळीस. दुसऱ्या दिवशी पाहुणे नव्हते, अध्यक्षबाई देवणीला लग्नाला गेल्या होत्या. रेघा आणि मशीन बरोबर जुळलं. तिसऱ्या दिवशी पाहुणे आले आणि पुन्हा फरक पडला, या वेळी सव्वीसचा.

मी लेकीला फोन केला आणि या वेळी सगळं सांगितलं. अहवाल, बंद केलेल्या खिडक्या, रेघा. सुनेचं मात्र नाही सांगू शकले. ती शनिवारच्या गाडीनं नांदेडहून आली, पिशवी न ठेवताच आतल्या खोलीत गेली. अध्यक्षबाईंनी सकाळपासून पाच वेळा अहवाल काढला होता आणि पाच वेळा कंटाळून बंद केला होता. लेकीनं काहीतरी टाइप केलं, पडद्यावर यादी आली, ती तिनं बोटानं मोजली.

"अव्वा, हे पाचही अजून चालू हायेत."

"बंद केले होते की."

"खिडकी बंद केली. मशीनला कुणी थांब म्हणून सांगितलंच न्हाई. मी तसं लिहिलंच न्हाई." तिचा आवाज बारीक झाला होता. "मला वाटलं, आपण वाट बघणं सोडलं की काम आपोआप सुटतं."

मी म्हटलं, "रांगेतल्या जारसारखं."

"कसं?"

"बाई घरी गेली म्हणून तिचा जार रांगेतून निघतो का? सरकतच राहतो. नंबर आला की भरतो. कार्ड कापलं जातं. जिला नको असंल तिनं सांगून जावं लागतं, माझा जार काढा म्हणून. न्हाई तर ती घरी येऊन दुसरा जार लावायची आणि दोन्ही भरायचे."

लेकीनं मला समजावून सांगितलं, तेही जारच्याच भाषेत. पाच मोठे अहवाल आत रांग अडवून बसले होते. माझ्या पाच-पाच रुपयांच्या नोंदी त्यांच्या मागं उभ्या. माझा लॅपटॉप वीस सेकंद वाट बघून म्हणायचा, झालं नाही. पण नोंद रांगेतच असायची. मी पुन्हा दाबलं की दुसरी लागायची. अहवाल संपून वाट मोकळी झाली की दोन्ही आत जायच्या आणि दोन्ही पाच रुपये कापायच्या. "आणि मी मिनिटाचे वीस सेकंद केले," ती म्हणाली. "म्हणजे मीच वाढवलं."

रविवारचा सगळा दिवस ती दुरुस्ती करत बसली. खिडकी बंद केली की आतल्या कामालाही थांबायचा निरोप जाईल असं केलं. कोणी निरोप दिला नाही तरी ठरावीक वेळेनंतर मोठ्या कॉम्प्युटरनं स्वतःच काम सोडून द्यावं, असंही केलं. अहवाल दुपारी रांग नसताना काढायचा ठरलं. ती आवराआवर करायला लागली तेव्हा मी विचारलं, "आणि थांब म्हणून सांगेपर्यंत जार भरून झाला असंल तर?"

ती हातातली वायर तशीच धरून उभी राहिली.

"तर मला 'झाले नाही' दिसंल," मी म्हटलं, "मी पुन्हा दाबीन, पुन्हा कापलं जाईल."

ती परत खुर्चीवर बसली. संध्याकाळपर्यंत तिनं आणखी एक गोष्ट बसवली. प्रत्येक जारला पहिल्या वेळी बटण दाबतानाच एक नंबर पडायचा. मी त्याच जारसाठी दहा वेळा दाबलं तरी तोच नंबर जायचा. आत तो नंबर आधीच आलेला असेल तर मशीन दुसऱ्यांदा कापायचं नाही. आणि 'पुन्हा प्रयत्न करा' या अक्षरांच्या जागी 'थांबा, झाले का ते तपासत आहे' असं येऊ लागलं. सोमवारी मी रेघा ओढल्या. पाहुणे आले होते तरी फरक शून्य आला.

मग मी तिला सुनेचं सांगितलं. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "अव्वा, मला सांगायचं होतंस. बारा हजार गेले असते तर गेले असते." आणि परीक्षेला उशीर होईल म्हणून गाडीला निघून गेली. जाताना तिनं दोनदा कापलेल्या सगळ्या नोंदींची यादी काढून माझ्याकडं दिली. अडीच महिन्यांचे मिळून नऊ हजार आठशे चाळीस रुपये.

गटाच्या बैठकीत अध्यक्षबाई म्हणाल्या, "बाई, आता हे उकरू नका. ते पैसे टँकरला गेले, कुणी खिशात घातले न्हाईत. जिल्ह्याची माणसं येऊन राहिलीत, त्यांच्यासमोर बोभाटा नको." इतर बाया माझ्याकडं बघत होत्या. मी त्या गटात सहा वर्षं होते आणि एकदाही बोलले नव्हते. मी उभी राहिले. "माझ्या पगारातून दर महिन्याला हजार कापा," मी म्हटलं, "पण घराघरात पैसे परत द्या."

कोणीतरी हसून म्हणालं, "इंजिनेर पोरीच्या आईनं गावाला दोनदा पाणी पाजलं, आता दोनदा पैसे वाटणार!" अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "यादी हिच्याकडंच ठेवा. वाटायला हीच जाईल."

मला घरोघर जावं लागलं, ज्याची मला सगळ्यात जास्त भीती होती. काही नोंदी खऱ्याही होत्या, त्या दिवशी त्या बाईनं सलग दोन जार भरलेले असायचे. पण जार रांगेत ठेवून गेलेल्या बाईला काय सांगता येणार? मी लेकीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "शंका असंल तिथं देऊन टाक." काही बायांनी पंचवीस-तीस रुपये हसत घेतले. एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे जादा जार नेला न्हाई म्हणत व्हता, माझा नातू खरंच बोलत व्हता. मी त्याला मारलं की वं." आणि पैसे हातात धरून तशीच बसली. एका घरी दारातूनच सांगितलं, "चोरी पकडली म्हणून वाटून राहिलीस."

पुढं पाऊस झाला, नळ सुरू झाले, केंद्रावर थोड्याच बाया यायच्या; कार्डावर जमा करून उपयोग नव्हता म्हणून रोख द्यायचे. लेकीला लातूरच्या एका ऑफिसात काम लागलं, तीही महिन्याला हजार पाठवायला लागली. सातव्या महिन्यात यादीत एकच नाव उरलं, त्या सुनेचं. मी ते शेवटी ठेवलं नव्हतं असं म्हणणार नाही. ठेवलंच होतं.

आधी मी सासूकडं गेले. गल्लीतल्या दोघी-तिघी ओट्यावर बसल्या होत्या, त्यांच्यासमोरच म्हटलं, "तुमच्या सुनेनं सहाच जार नेले होते. मशीननं जास्त कापले. मला तवा ठाऊक होतं आणि मी खोटं सांगितलं."

सासू ओट्यावरून उठली. "आता सांगता व्हय? सात महिने झाले." मग हात पुढं केला. "द्या ते पैसे इकडं."

"कार्ड तिच्या शिलाईच्या पैशानं भरलं होतं," मी म्हटलं. "तिलाच देईन."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी नांदेडला गेले, तिथून भोकरला, पुढं जीपनं. एवढा प्रवास मी एकटीनं कधी केला नव्हता. ती अंगणात मशीनवर बसली होती, एका लहान मुलीचा परकर शिवत होती. मला बघून मशीन थांबवलं, पण उठली नाही.

मी उभ्या उभ्याच सांगितलं, सगळं. कसं कापलं गेलं, मला कधी कळलं, त्या दिवशी मी पडद्याकडं का बघितलं.

ती म्हणाली, "काकू, तुम्ही माझ्याकडं बघितलं न्हाई, तवाच मला कळलं होतं की तुम्हाला ठाऊक हाय."

मी मान डोलावली.

"तिथं सांगितलं का?"

"सांगितलं. गल्लीत, सगळ्यांसमोर."

"आत्याबाई काय म्हणाल्या?"

"पैसे मागितले."

ती थोडी हसली, मग हसू गेलं. "ते हैदराबादहून दोनदा आले होते न्यायला. आईनं म्हटलं जा. मी म्हटलं, आळ घेऊन जाणार न्हाई." तिनं परकराचा दोरा दातानं तोडला. "आता जाईन का न्हाई, ते मी बघीन."

मी रुमालाची गाठ सोडून पैसे तिच्या मशीनवर ठेवले. शंभराची एक नोट, तीन दहाच्या आणि पाचाचं एक नाणं. तिनं ते मोजले. नको म्हणाली नाही, त्याचं मला बरं वाटलं. मी यादी पुढं केली, तिनं आपल्या नावासमोर सही केली. अक्षर सुरेख होतं तिचं. एकशे पस्तीस रुपये. यादीत आता सहीवाचून एकही ओळ उरली नव्हती, नऊ हजार आठशे चाळीस पुरे फिटले होते.